अडचण जमिनीची सांगायची, आपली नाही

घर घेतलं तेव्हा व्हिडिओ कॉलवर बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगितलं की कॉर्नरचा प्लॉट आहे, तर ते खुर्चीतून उठलेच. "दोन रस्ते लागतात? अगं मग सोनं मिळालं की तुम्हाला!" बाबा नगरपालिकेत ओव्हरसियर होते, आयुष्यभर लोकांचे नकाशे आणि मार्जिनं तपासली, त्यामुळे त्यांच्या हिशोबात कॉर्नर प्लॉट म्हणजे हवा, उजेड, भाव आणि उद्या वेळ आली तर रस्त्याच्या अंगाला दोन गाळे काढायची सोय. आम्ही पण खूश. न्यू जर्सीत कॉर्नर लॉट म्हणजे बर्फ दोन्हीकडचा साफ करायचा हे पहिल्याच हिवाळ्यात कळलं, पण त्याहून मोठी गोम कळायला चार वर्षं लागली. ती अशी की इथे कॉर्नरच्या घराला दोन पुढच्या बाजू असतात. म्हणजे दार एकाच रस्त्याला असलं तरी कागदावर दोन्ही रस्त्यांकडे 'फ्रंट यार्ड', आणि पुढच्या बाजूला सोडायची जागा, म्हणजे सेटबॅक, सगळ्यात जास्त, आमच्या झोनमध्ये (बांधकामाच्या नियमांसाठी गावाचे भाग पाडलेले असतात ते झोन) ३० फूट. आमचं घर १९५५ चं, तेव्हा हा नियम नव्हता, ते बाजूच्या रस्त्यापासून २२ फुटांवर उभं आहे. कोणी काही म्हणत नाही, जुनं आहे म्हणून चालतं. फक्त त्याला हात लावायचा नाही.

आणि आम्हाला नेमका हातच लावायचा होता.

झालं असं की २०२२ च्या सप्टेंबरात, गणपती विसर्जनानंतर दोनेक आठवड्यांनी, मला कळलं की दुसरं येतंय. त्याच महिन्यात आई-बाबांच्या ग्रीन कार्डचं पण पुढे सरकलं. घर म्हणजे केप कॉड पद्धतीचं, खाली एक बेडरूम, वर उतरत्या छपराखाली दोन, त्यात मी उभी राहिले तर डोकं लागत नाही पण नवऱ्याचं लागतं, आणि वर जायचा जिना असा उभा की थोरली पाच वर्षांची होती ती अजून बसून बसून उतरायची. आईंचे दोन्ही गुडघे बदललेले. त्यांना वर पाठवायचा प्रश्नच नाही. "वरती डॉर्मर काढा की, त्याला सेटबॅकचा त्रास नाही" (डॉर्मर म्हणजे उतरत्या छपरातून बाहेर काढलेली खिडकीवाली उंच जागा) असं मला किमान दहा जणांनी सांगितलं, त्या सगळ्यांना एकत्र उत्तर: गुडघे. खोली खालीच पाहिजे, बाथरूमसकट, आणि तिथे जायला पायरी नको.

तर मागच्या अंगाला १७ बाय २० ची एक खोली, ३४० स्क्वेअर फूट, त्यात बाथरूम आणि एक छोटं कपाट. एवढंच मागणं. मला वाटलं आर्किटेक्टकडून ड्रॉइंग करून घ्यायचं, टाउनशिपमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, फी भरायची, दोन महिन्यांत खड्डा.

झोनिंग ऑफिसरने दहा दिवसांत अर्ज परत पाठवला, नकार देऊन. भाषा एकदम सभ्य. दोन कारणं होती. एक, नवीन खोली बाजूच्या रस्त्यापासून २२ फुटांवर येते, पाहिजेत ३०. दोन, प्लॉटच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त जागेवर बांधकाम चालत नाही, तुमचं २१.३ टक्के होतंय. आमचा प्लॉट ७५ बाय १००, म्हणजे ७,५०० स्क्वेअर फूट, आणि झोनला लागतात १०,०००. म्हणजे आमचा प्लॉट जन्मापासूनच लहान, आणि लहान प्लॉटला टक्केवारी मात्र मोठ्याचीच. खाली लिहिलं होतं की झोनिंग बोर्ड ऑफ अ‍ॅडजस्टमेंटकडे व्हेरियन्ससाठी, म्हणजे नियमातून सूट मिळण्यासाठी, अर्ज करता येईल.

बाबांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. "म्हणजे तिथेपण साइड मार्जिनचंच भांडण! मला वाटलं अमेरिकेत काहीतरी वेगळं असेल." मग त्यांनी एक तास मला प्रश्न विचारले, रस्ता किती रुंद, मागे किती सुटतंय, शेजाऱ्याची भिंत कुठे, गटार कुठल्या बाजूला, आणि शेवटी विचारलं, "साहेब कोण आहे?" मी म्हटलं बाबा इथे साहेब नाहीये, सात जणांचं बोर्ड आहे, गावातलेच लोक, पगार नाही, महिन्यातून एकदा संध्याकाळी बसतात आणि लोकांसमोर निकाल देतात. बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "लोकांसमोर? मग अवघड आहे."

हे थोडं सांगते कारण इथे राहणाऱ्या आपल्याच लोकांना पण माहीत नसतं, मलाही नव्हतं. झोनिंग हे ना देशाचं असतं ना राज्याचं, प्रत्येक गावाचं आपापलं. न्यू जर्सीत ५६४ म्युनिसिपालिट्या आहेत, प्रत्येकीचा नियमांचा बाड वेगळा, म्हणजे तुमच्या मैत्रिणीला एडिसनमध्ये जे चाललं ते तुम्हाला चार मैलांवर चालेल असं नाही. पण नियमाला अपवाद कसा मागायचा याची पद्धत मात्र राज्यभर एकच, १९७५ चा म्युनिसिपल लँड यूज लॉ म्हणून कायदा आहे त्यात ठरवून दिलेली. त्यात आमच्यासारख्या फुटाफुटांच्या भानगडींना 'सी' व्हेरियन्स म्हणतात आणि जागेचा वापरच बदलायचा असेल, म्हणजे एका कुटुंबाच्या घराचं दोन कुटुंबांचं करायचं वगैरे, तर 'डी'. सी ला हजर सदस्यांचं साधं बहुमत पुरतं. डी ला सातातली पाच मतं लागतात आणि डोकेफोड दहापट. हे डी प्रकरण लक्षात ठेवा, ते पुढे चहाच्या किटलीपर्यंत येणार आहे.

आर्किटेक्ट बाई साठीच्या, तीस वर्षं याच कामात, प्लॅनरचं लायसन्सही त्यांच्याकडे. पहिल्या मीटिंगला मी त्यांच्यासमोर सगळं मांडलं, बाळ येतंय, सासू-सासरे येतायत, गुडघे, जिना, थोरलीची शाळा, शेजार चांगला आहे सोडवत नाही, असं सगळं अगदी डोळ्यात पाणी येईल इतपत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या की हे सगळं खरं आहे आणि यातलं एकही वाक्य कामाचं नाही.

मी बघतच राहिले.

मग त्यांनी समजावलं ते असं. कायदा 'हार्डशिप' विचारतो, पण ती माणसाची नाही, जमिनीची. प्लॉट अरुंद आहे का, उथळ आहे का, आकार वेडावाकडा आहे का, चढउतार आहे का, किंवा त्यावर आधीपासून कायदेशीर उभ्या असलेल्या बांधकामामुळे काही पेच आहे का. त्या पेचामुळे नियम पाळणं अवघड जात असेल तर बोर्ड ऐकेल. तुमचं कुटुंब वाढलं हा पेच जमिनीचा नाही. आणि व्हेरियन्स मिळाला की तो तुमच्या नावावर राहत नाही, जमिनीला चिकटतो, उद्या घर विकलं तरी जमिनीबरोबर जातो, मग तुमच्या गुडघ्यांचा तिथे काय संबंध? हे दुसरं ऐकल्यावर मात्र मला पटलं. बाबांना तर लगेच पटलं, "सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद पडल्यासारखं आहे," म्हणाले, आणि तेव्हापासून ते माझ्यापेक्षा आर्किटेक्ट बाईंच्या बाजूने.

याशिवाय उलटी बाजू पण सिद्ध करायची असते, की आम्ही हे बांधल्याने आजूबाजूच्यांचं काही मोठं नुकसान होत नाही आणि गावाने जो आराखडा केलाय त्याच्या मूळ हेतूला धक्का लागत नाही. ही जबाबदारी आपली. शेजाऱ्याने येऊन नुकसान दाखवायची वाट बघायची नाही.

अर्ज जानेवारीत दिला. त्याच्या प्रती किती काढल्या विचारू नका, सर्व्हे, ड्रॉइंग, फोटो, टॅक्स भरल्याचा दाखला, सगळ्याचे अठरा सेट, डायनिंग टेबलावर गठ्ठे लावून आम्ही दोघं रात्री साडेअकरापर्यंत पानं जुळवत होतो आणि थोरली म्हणे आई आपण पुस्तकाचं दुकान काढतोय का. फीशिवाय एस्क्रो म्हणून वेगळे पैसे भरून घेतात, त्यातून बोर्डाचा इंजिनिअर, प्लॅनर, वकील आपल्याच अर्जावर काम करतात त्याचं बिल जातं. म्हणजे आपल्याला प्रश्न विचारणाऱ्याचा पगार पण आपणच द्यायचा. उरले तर परत मिळतात. आमचे एकशे चाळीस डॉलर परत आले, त्याचं आम्हाला इतकं अप्रूप की त्या दिवशी ओक ट्री रोडला जाऊन मिसळ खाल्ली.

आता नोटिसा. आपल्या हद्दीपासून २०० फुटांच्या आत ज्यांची ज्यांची मालमत्ता आहे त्या प्रत्येकाला हिअरिंगच्या किमान दहा दिवस आधी कळवावं लागतं, एकतर हातात नेऊन द्यायचं नाहीतर सर्टिफाइड मेल, म्हणजे सही घेऊन देतात ते टपाल, आणि शिवाय पेपरात जाहिरात. यादी टाउनशिप देते, १० डॉलर किंवा नावामागे २५ सेंट, जे जास्त होईल ते. आमच्या यादीत तेवीस घरं आणि वर गॅस, वीज, पाणी यांच्या कंपन्या. म्हणजे ज्यांच्याशी चार वर्षांत नुसतं हात हलवण्यापुरतं नातं, त्यांना आता कायदेशीर भाषेत पत्र की आम्ही तुमच्या शेजारी नियम मोडून बांधायची परवानगी मागतोय, विरोध करायचा तर या तारखेला या. मला फार लाज वाटत होती. म्हणून मी ठरवलं की समोरच्या आणि मागच्या पाच-सहा घरी आधी स्वतः जाऊन सांगायचं, लाडवांचा डबा घेऊन. सहाव्या महिन्याचं पोट, हातात बेसनाचे लाडू, बगलेत ड्रॉइंगची गुंडाळी. दोघांनी आत बोलवून चहा दिला, एकीने लाडवांत ग्लूटेन आहे का विचारलं (नाही, बेसन), आणि मागच्या घरातल्या आजोबांनी दारातूनच डबा घेतला, ड्रॉइंग बघितलं नाही, आणि म्हणाले, बोर्डासमोर भेटू.

आणि इथे मी माती खाल्ली. हिअरिंग मार्चमधलं, पेपरातली जाहिरात मी दिली, दिवस मी मोजले. आपण बाराव्या दिवशी बारसं करताना जन्माचा दिवस धरून मोजतो ना, तसा मी जाहिरात छापून आली तो दिवस पण धरला. बोर्डाच्या वकिलांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, नऊ. एक दिवस कमी. आता एका दिवसाने काय होतंय असं आपल्याला वाटतं, पण नोटीस चुकली तर बोर्डाला ती केस ऐकायचा अधिकारच राहत नाही, उद्या कोणी कोर्टात गेलं तर मिळालेली मंजुरी सुद्धा त्यावरून उडते. गुमान घरी आलो. परत पंचवीस-तीस पाकिटं, परत पोस्टाची लाइन, परत पेपर. मागचे आजोबा दुसऱ्यांदा पोस्टात सही करायला गेले असणार या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही, म्हणजे पोटामुळेही नव्हतीच येत म्हणा.

एप्रिलचं हिअरिंग. आमच्या आधी एका मोठ्या बिल्डिंगची केस, त्यांचा ट्रॅफिकचा तज्ज्ञ पावणेदोन तास बोलला, डाव्या वळणाबद्दल. दहा वाजता बोर्डाने सांगितलं की आता नवीन केस घेत नाही, पुढच्या महिन्यात या, यावेळी नोटीस परत द्यायची गरज नाही कारण तारीख सगळ्यांसमोर जाहीर केलीये. लाकडी बाकावर अडीच तास बसून मी काय केलं तर भिंतीवरचं घड्याळ आणि झेंडा बघितला, आणि डाव्या वळणांबद्दल मला आता खूप माहिती आहे.

मे महिन्यात एकदाचा नंबर लागला. मला साडेआठ महिने झाले होते. नवरा म्हणाला तू येऊ नकोस, मी म्हटलं पाकिटं मी चिकटवलीत, मी येणार. आर्किटेक्ट बाईंनी मला बघून एवढंच म्हटलं की कुठेही बस, फक्त त्याबद्दल काही बोलू नकोस. तर सुरुवातीला झेंड्याला वंदन, मग मीटिंग उघडपणे घेतोय याचं कायद्याने ठरवून दिलेलं निवेदन, हजेरी, आणि मग आम्हा तिघांना उजवा हात वर करून खरं बोलायची शपथ. आयुष्यात पहिल्यांदा शपथ घेतली ती एका बेडरूमसाठी.

बाईंनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. एकदाही कुटुंब हा शब्द नाही. प्लॉट झोनच्या मानाने पाऊण, दोन रस्त्यांमुळे दोन फ्रंट, घर नियमाच्या आधीपासून २२ फुटांवर, नवीन भिंत जुन्या भिंतीच्या रेषेतच मागे जातेय, रस्त्याच्या एक इंचही जवळ येत नाही, मागे २६ फूट सुटतात आणि लागतात २५. फोटो लावले, त्यांना ए-१, ए-२ असे नंबर पडले. मग एका सदस्याने नेमका तो प्रश्न विचारला ज्याची मला धास्ती होती, की मागे ४३ फुटांची भिंत आहे, खोली आठ फूट आत सरकवा, नियमात बसते, मग व्हेरियन्स कशाला? बाईंनी तयारच ठेवलं होतं. आठ फूट सरकवलं तर स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी आणि मागचं दार बंद होतं, खोलीत जायचा रस्ता शेगडीसमोरून होतो, आणि अगदी टोकाला न्यायची तर तिथे गराज आहे. शिवाय स्वयंपाकघरामागे जो ओक आहे तो तोडावा लागेल. ओक म्हटल्याबरोबर दोन सदस्यांनी माना वर केल्या. झाडाचा फोटो ए-४.

मग दाराची गोष्ट निघाली. ड्रॉइंगमध्ये नव्या खोलीला मागच्या अंगणात उघडणारं एक दार होतं. अध्यक्षांनी विचारलं, हे कशाला? नवऱ्याने सांगितलं, आई सकाळी तुळशीला पाणी घालते. म्हणजे झाडाला पाणी घालायला? हो. वेगळं स्वयंपाकघर आहे का आत? नाही. सिंक? बाथरूमचं. शेगडी? नाही. भविष्यात? नाही. खोली भाड्याने? नाही हो. हे प्रश्न इतके फिरवून फिरवून आले की मला वाटलं चोरीचा माल लपवलाय की काय आम्ही. नंतर बाईंनी सांगितलं की बोर्डाला भीती असते ती हीच, बाहेरून दार आणि आत शेगडी झाली की ते झालं दुसरं घर, मग भाडेकरू, मग तो डी व्हेरियन्स. ही भीती जुनी आहे. १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने झोनिंगला मान्यता दिली, त्या निकालपत्रात घरांच्या वस्तीत येणाऱ्या अपार्टमेंटला चक्क बांडगूळ म्हटलंय. शंभर वर्षं होत आली, बांडगूळ अजून बोर्डाच्या डोक्यातून गेलेलं नाही. आमच्याकडे तीन पिढ्या एका शेगडीवर जेवणार हे त्यांना कसं सांगायचं, आणि सांगून काय, ते कुटुंबाचं झालं, जमिनीचं नाही.

सार्वजनिक बोलायची वेळ आली तर मागचे आजोबा उठले. हातात प्लास्टिकच्या कव्हरात फोटो. मला वाटलं झालं आता. पण ते रस्त्याबद्दल बोललेच नाहीत, सेटबॅकबद्दल नाही, दाराबद्दल नाही. १ सप्टेंबर २०२१, आयडा वादळाची शेपटी आली होती ती रात्र. त्यांच्या बेसमेंटमध्ये साडेतीन फूट पाणी. फोटोत कपडे धुवायचं मशीन आडवं तरंगताना दिसत होतं, आणि त्याच्यामागे भिंतीवर लग्नाचा फोटो, अर्ध्यापर्यंत ओला. आमचं अंगण त्यांच्यापेक्षा वर आहे. ते म्हणाले, या लोकांनी खोली बांधावी, माझं काही नाही, पण नवीन छपराचं पाणी कुठे जाणार ते मला सांगा. आणि खाली बसले.

आम्ही ती रात्र त्यांच्यापासून शंभर फुटांवर काढली होती. आमच्या बेसमेंटचा फक्त एक कोपरा ओला झाला, आम्ही तो पुसला आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो टाकले. पाणी उतारावरून कुणाकडे गेलं हे आमच्या मनातही आलं नव्हतं. लाडू घेऊन गेले तेव्हाही मी फक्त माझं सांगत होते.

बोर्डाच्या इंजिनिअरने लगेच तोंडी हिशोब मांडला, ३४० स्क्वेअर फुटांच्या छपरावर तीन इंच पाऊस पडला तर ८५ घनफूट पाणी, ते जमिनीत जिरवायला ड्राय वेल घाला, म्हणजे खड्डा खणून त्यात भोकांची टाकी आणि भोवती खडी, पन्हाळीचा पाइप सरळ त्यात. आपल्याकडे शोषखड्डा म्हणतात तेच. आम्ही हो म्हटलं. नवरा तर म्हणाला जुन्या छपराच्या मागच्या बाजूचं पाणी पण त्यातच घेतो, मोठा करू खड्डा. हे आधी ठरलेलं नव्हतं, त्याने तिथेच उभ्या उभ्या म्हटलं आणि मला बरं वाटलं.

उरली टक्केवारी. २१.३. आणि इथे सगळ्यात कोपऱ्यातल्या, तोवर अक्षरही न बोललेल्या एका आजींनी चष्म्यावरून बघत विचारलं, ती मागची शेड तुम्हाला लागते का?

आता ही शेड म्हणजे आमच्या घरातला पेटता विषय. ८ बाय १२, जुन्या मालकाची, कुजत आलेली, दार ढकलून लावावं लागतं. त्यात नवऱ्याचा स्नो ब्लोअर, बंद पडलेला दुसरा स्नो ब्लोअर (सुटे भाग म्हणून), सायकली, आणि सात वर्षांची गणपतीची मखरं. तीही टाकवत नाहीत त्याला. आर्किटेक्ट बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ही ९६ फूट काढा, पण तो म्हणाला शेड राहील, बघू बोर्ड काय म्हणतं. घर ११६० आणि खोली ३४० म्हणजे बरोबर १५००. सात हजार पाचशेचे वीस टक्के म्हणजे पण बरोबर १५००. शेड गेली की दुसरा व्हेरियन्स मागायचीच गरज नाही. सगळं बोर्ड नवऱ्याकडे बघतंय, मी नवऱ्याकडे बघतेय, त्याने एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, काढतो. शपथेवर.

मतदान नावं पुकारून होतं. सहा हो, एक नाही. नाही म्हणणाऱ्या गृहस्थांनी कारण दिलं की आठ फुटांचा फरक त्यांना जास्त वाटतो, वैयक्तिक काही नाही. मला ते पण आवडलं खरं तर, तोंडावर सांगितलं आणि कारण देऊन सांगितलं. बाहेर पडताना अध्यक्ष मायक्रोफोन बंद करून हळूच म्हणाले, अभिनंदन, दोन्हींसाठी. पूर्ण दोन तासांत माझ्या पोटाचा उल्लेख झाला तो एवढाच, आणि तो रेकॉर्डवर नाही.

बाळ जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं. बोर्डाचा लेखी ठराव त्यानंतर दोन आठवड्यांनी. म्हणजे ज्याच्यासाठी खोली तो आधी हजर. ठरावात सगळ्या अटी क्रमाने होत्या, शेड पाडणे, ड्राय वेल, ओक वाचवणे, मागच्या दारापासून रस्त्यापर्यंत वेगळी पायवाट न करणे, आणि खोलीत शेगडी किंवा स्वयंपाकाचं कुठलंही साधन न बसवणे. आईंना पहाटे पाचला चहा लागतो, आणि सून-मुलाला उठवायचं नाही म्हणून त्यांची खोलीत इलेक्ट्रिक किटली ठेवायची इच्छा. ते 'साधन बसवणे' वाचून त्यांनी मला सलग तीन कॉलवर विचारलं, किटली चालेल ना गं? मी हसत हसत हो म्हणाले आणि मग दुसऱ्या दिवशी गुपचूप आर्किटेक्ट बाईंना मेल टाकून विचारून घेतलं. किटली चालते. ती बसवलेली नसते.

ठरावाची जाहिरात पेपरात आल्यापासून ४५ दिवस कोणीही कोर्टात जाऊ शकतं, तोवर काम सुरू केलं तर आपल्या जोखमीवर. आम्ही थांबलो. सहा महिने वाया गेल्यावर दीड महिन्याची काय घाई. या मुदतीत कोणी गेलं नाही. त्यानंतर बिल्डिंग परमिट, ते वेगळं, त्यात इलेक्ट्रिक वेगळं, प्लंबिंग वेगळं, पण तिथे कोणी आपल्याला शपथ देत नाही, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. सप्टेंबरात पाया खणला. थंडीत जमीन गोठते म्हणून इथे पाया तीन फूट खाली न्यावा लागतो, आणि काँक्रीट ओतल्यावर सर्व्हेवाला परत येऊन मोजतो की २२ फूट म्हणजे २२ च आहेत ना. बाबा तोवर येऊन पोचले होते. पहाटेच्या विमानाने आले, जेट लॅग आहे झोपा म्हटलं तर ऐकतील कशाला, टोपी घालून सर्व्हेवाल्यामागे पूर्ण वेळ उभे. त्याचं झाल्यावर खिशातून स्वतःची टेप काढली (भारतातून आणलेली, हँडबॅगेत) आणि परत मोजलं. "बावीस फूट दीड इंच. सोडलाय वरचा दीड इंच, शहाणा आहे कॉन्ट्रॅक्टर."

शेड पाडायच्या दिवशी मागचे आजोबा कुंपणाशी आले. मखरांचे थर्माकोलचे खांब बाहेर निघत होते, सोनेरी रंगाचे, त्यांनी विचारलं हे काय. बाबांनी त्यांना पंधरा मिनिटं त्यांच्या इंग्रजीत गणपती समजावला आणि आजोबांनी बाबांना पंधरा मिनिटं आयडाचं पाणी. दोघं आता रोज संध्याकाळी ड्राय वेलच्या झाकणाजवळ उभे असतात, पाऊस असो नसो, कोण कोणाला काय सांगतं माहीत नाही. एक मखर आजोबा घेऊन गेलेत, ते त्यांच्या ख्रिसमसच्या देखाव्यात होतं.

आणि मागच्या गुरुवारी दारात पोस्टाची चिठ्ठी, सर्टिफाइड मेल आहे, सही करून न्या. मी दचकलेच. बाळाला कडेवर घेऊन चाळीस मिनिटं लाइनीत उभी राहिले. पाकीट उघडलं तर आमच्यापासून तिसरं घर, २०० फुटांच्या आत, मागे डेक, म्हणजे लाकडी ओटा, बांधायचाय, टक्केवारी जास्त होतेय म्हणून व्हेरियन्स मागतायत, विरोध किंवा पाठिंबा असेल तर या. बाबांनी पाकीट हातात घेतलं, चष्मा लावला, तारखा बघितल्या, बोटांवर दिवस मोजले, छापल्याचा दिवस सोडून. "बरोबर दिलीये नोटीस," म्हणाले. मग खिडकीतून त्या घराच्या मागच्या अंगणाकडे बराच वेळ बघत राहिले.

"त्यांच्याकडे पण शेड आहे गं."